आधी भाकरी, मग बातमी

सोलापूर

प्रिय बायडाआई,

परवा भेटीच्या वेळेला तुझी सून आली होती, रकमा. मी हल्ली पुरुषांच्या वॉर्डात असते. तिथं ती विचारत विचारत पोचली आणि दारातच थांबली. चपला हातात धरलेल्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी एका पेशंटची नाडी बघत होते. तिला एकटीला पाहिलं आणि ठोके मोजायचे राहूनच गेले.

"शिष्टर, म्हातारी गेली," ती म्हणाली. मी काही विचारायच्या आत, जणू मी तिची परीक्षाच घेणार होते अशा घाईनं पुढं बोलली, "पर पाठीला येक फोड न्हाय. कूस बदलत हुते मी. तुमी शिकवलं तसंच केलं समदं."

मी तिथं रडले नाही. अंगावर गणवेश होता. रकमाला बाकावर बसवलं, चहा पाजला, तुझं सगळं ऐकून घेतलं आणि तिला मंगळवेढ्याच्या एस.टी.त बसवून आले. आज सुट्टी आहे. सकाळपासून खोलीतलं काम काढत होते, भांडी पुन्हा पुन्हा घासत होते. शेवटी कागद घेऊन बसले.

तुला वाचता येत नव्हतं. कुणी वाचून दाखवायला लागलं असतं तर तू मधेच अडवून म्हणाली असतीस, "आगं, कागदात काय बोलतीस? तोंडानं बोल की!" बोलले असते गं! पण आता कुणाशी बोलू? आणि तुझ्याविषयी इथं कुणाशी बोलायला जावं, तर म्हणतात, सिस्टर, एवढे पेशंट आले आणि गेले, एका म्हातारीचं काय घेऊन बसलात?

म्हणून हे पत्र तुलाच.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते बहात्तरच्या दुष्काळात. धुळानं तुला एस.टी. स्टँडपासून पाठीवर घेऊन आणलं होतं. तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडं आणि घोंगड्यावर तू. चेहऱ्यावर वेदना होती, पण तोंडातून हूं की चूं नाही. आटलेल्या विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरताना पायरीवरनं घसरलीस आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं, एवढं धुळानंच सांगितलं. डॉक्टरांनी पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाला वजन सोडलं. हाड जुळेपर्यंत उताणं पडून राहायचं, असं तुला समजावलं. तू छताकडं बघत म्हणालीस, "म्हंजी मेल्यावानी."

धुळा थोडे दिवस व्हरांड्यात झोपून राहिला. पण त्याचा जीव मेंढरांत होता, आणि ते तुला त्याच्याहून जास्त कळत होतं. एक दिवस तो खाटेशेजारी उकिडवा बसून म्हणाला, "आये, मेंढरं मराया लागल्यात. अकलूजच्या अंगाला कालव्याला पानी हाय, चाऱ्याला उसाचं वाडं मिळतंय म्हनं. तितं लावून येतो."

"जा की मग! मी कुटं पळून जाती व्हय? पायाला धोंडा बांधलाय माझ्या."

जाताना तो माझ्यापाशी आला. "शिष्टर, तिला बघा. लई हट्टी हाय."

तो गेला आणि चार-सहा दिवसांत तू जेवायचं सोडलंस.

आठवतं? ताट यायचं तसंच परत जायचं. पाणीसुद्धा जेमतेम ओठ ओले करण्यापुरतं. डॉक्टर म्हणाले, मुलाच्या आठवणीनं असेल. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाची भूक मरते. सलाइन लावलं. मला मात्र खटकत होतं, कारण शेजारच्या खाटेवरच्या नरसम्माच्या ताटातल्या भाकरीकडं तू टक लावून बघायचीस. भूक मेलेलं माणूस असं बघतं होय?

एका दुपारी तुझी पाठ स्पिरिटनं चोळत होते. पाय न हलवता तुला जरासं कुशीला कलतं केलं होतं; पाठ माझ्याकडं, तोंड भिंतीकडं. कदाचित म्हणूनच तुला बोलता आलं. मी विचारलं, "आज्जी, का खात नाही तुम्ही?"

तू हळूच म्हणालीस, "खाल्लं की उतरतंय. मग ते भांडं मागायचं. समद्यांच्या म्होरं. जलमभर उजाडायच्या आत रानात गेले मी, कुना गड्यानं काय, बाईनंबी बघितलं न्हाय. आन् हितं? ती झाडूवाली बघती, डाक्टर बघतो, भेटाया आलेली मानसं बघत्यात. त्यापरीस पोट रिकामं बरं."

मी हातात पावडरचा डबा घेऊन तशीच उभी राहिले. पेशंटला बेडपॅन कसा द्यायचा, कसा काढायचा, हे मला ट्रेनिंगमध्ये घोटून घोटून शिकवलं होतं. माणसाच्या लाजेचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. वॉर्डात आडोशाला एकच पडदा होता, तोही फाटका आणि कायम दुसऱ्या टोकाला.

नरसम्माला मराठी थोडंच यायचं, पण बायकांचं हे दुःख समजायला भाषा कशाला लागते? तिनं पॉवरलूमवर कामाला असलेल्या मुलाला तेलुगूत काहीतरी सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी तो विणताना धागा चुकलेली एक मोठी चादर घेऊन आला. बँडेजच्या पट्ट्या वळून दोरी केली, दोन खिडक्यांना बांधली आणि तुझ्या खाटेभोवती चादर सोडली. हिरवी-तांबडी, मोरांची! त्या संध्याकाळी तू अख्खी भाकरी आमटीत कुस्करून खाल्लीस आणि नरसम्माला म्हणालीस, "आता माजं घर झालं बग."

त्याच आठवड्यात तू मला झापलंस. "मला तुमी-आमी काय करतीस गं? आयला कुनी तुमी म्हनतं व्हय?"

"नाही. माझ्या आईला मी तूच म्हणते."

"मग?"

मग काय! त्या दिवसापासून तू बायडाआई झालीस.

माझी आईही चौकशीतून सुटली नाही. कुठं असते, कुणाकडं असते? मी सांगितलं, अकलूजला, थोरल्या भावाकडं. वडील साखर कारखान्यात होते, ते गेल्यावर तिथंच राहिली. संधिवातानं गुडघे धरलेत, वहिनी बघते. तू क्षणभर विचार केलास आणि म्हणालीस, "तुज्या आयला ती बघती, आमाला तू बघतीस. फिरून फिरून कुनीतरी बघतंय की!" घरच्या लोकांनी मला नर्सच्या नोकरीवरून पुष्कळ ऐकवलं होतं. लग्न त्यापायी राहिलं, असं अजून म्हणतात. पण तुझ्या त्या वाक्यानं बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

धुळा मात्र आला नाही.

आधी तू दिवस धरायचीस. बाजाराच्या दिवशी येईल. अमावस्या झाली की येईल. मग तेही बंद केलंस. पायाचं वजन काढलं तरी तो आला नाही. ऑफिसनं गावच्या पत्त्यावर कार्ड टाकलं, उत्तर नाही. गावात होतंच कोण उत्तर द्यायला? वॉर्डात कुजबूज सुरू झाली. त्या साली असं होतही होतं. माणसं म्हाताऱ्यांना दवाखान्यात आणायची आणि खडी फोडायला, नाहीतर मुंबई-पुण्याकडं निघून जायची. एका मावशीनं तुझ्या ऐकण्यात म्हटलं, "टाकून गेला वं पोरगा."

तू ताडकन म्हणालीस, "कुत्र्याला टाकत्यात. आयला न्हाय."

पण खाटा कमी पडत होत्या. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फक्त चालायचा सराव उरलाय, घरचं कुणी येत नसेल तर म्हाताऱ्यांच्या आश्रमात सोय बघावी लागेल. मी तुला आश्रमाचं विचारलं. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी वाक्य पुरं केलं नाही. "माजा धुळा येनार हाय. त्याला कायतरी आडवं आलंय. तू बग तरी!"

तू बघ तरी. हे कुणाला सांगत होतीस, बायडाआई? वॉर्डातल्या नर्सनं काय बघायचं असतं? ताप, नाडी, जखम, पाठ. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी रजा टाकली. तुला सांगितलं, आईला भेटून येते. खोटं नव्हतं ते.

अकलूजला घरी पोचले. आई ओसरीवर पाय पसरून बसलेली. मला बघून तिचं तोंड उजळलं, आणि मग ती म्हणाली, "किती लोकांच्या आया धुतल्यास गं. आज मला न्हाऊ घाल." वहिनीला वाईट वाटेल म्हणून मी घुटमळले. वहिनीच म्हणाली, "घाला, ताई. माझ्या हातचं रोजचंच आहे." मी आईला न्हाऊ घातलं. किती वर्षांनी तिची पाठ बघितली! हाडं मोजता यावीत इतकी वाळलेली, पण स्वच्छ. वहिनीचं मोल मला तिथं कळलं. तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. तिला फक्त म्हटलं, "छान ठेवलंय तुम्ही आईला." ती लाजून चुलीकडं गेली.

दुपारी भावाला घेऊन कालव्याच्या कडेनं निघाले. मंगळवेढ्याकडचे धनगर कुठं उतरलेत, असं विचारत विचारत एका उसाच्या फडापलीकडं पोचलो. तोडणी झालेल्या रानात मेंढरं बसवली होती. एक बाई कोकराला पाजत होती, दोन पोरं तिच्या आसपास. मी लांबूनच विचारलं, "धुळाचं बिऱ्हाड हेच का?"

तिनं मान वर केली. बायडाआई, तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

मी खाली बसले, तिथंच, ढेकळांत. रकमा मला ओळखत नव्हती, पण सोलापूरच्या दवाखान्यातली नर्स म्हटल्यावर तिनं तोंडात पदर कोंबला. मग तुटक तुटक सांगितलं. इथं पोचून फार दिवस झाले नव्हते. धुळाला हगवण लागली. गाडी मिळेपर्यंत अंगातलं पाणी संपलं. कालव्याकाठीच माती दिली.

"म्हातारीला सांगू नगा," ती माझे हात धरून म्हणाली. "येकुलता येक ल्योक. ऐकलं की मरंल ती."

"मग किती दिवस वाट बघू द्यायची तिला?"

"मला तोंड न्हाय वं, शिष्टर. कसं जाऊ तिच्याम्होरं?"

मी मग जे खरं होतं ते सांगितलं. "रकमा, वॉर्डात माणसं म्हणतात, पोरगा आईला टाकून गेला."

ती एकदम उभी राहिली. कोकरू तिच्या मांडीवरून खाली पडलं. "टाकलं? माज्या मालकानं? आरं, जीव जातानाबी म्हनत हुते की सोलापूरला जायाचंय, आय येकली हाय! कोन म्हनतंय टाकलं?" आणि मग ती ओक्साबोक्शी रडली. रडणं थांबल्यावर डोळे पुसून म्हणाली, "चुलतदीर हाय हितं मेंढरांपाशी. येती मी. माजी मीच सांगती."

मी पुढं आले, ती दोन दिवसांनी येणार होती.

मी वॉर्डात पाऊल टाकताच तू विचारलंस, "गावली का मेंढरं?"

"सापडली. रकमा येतेय."

"आन् धुळा?"

माझ्या तोंडाशी किती उत्तरं आली! कामात आहे. मागून येतोय. बरं नाही त्याला. एक जरी बोलले असते तर तू ते धरून ठेवलं असतंस, आणि नंतर माझ्या कुठल्याच शब्दावर तुझा भरवसा राहिला नसता. मी म्हटलं, "रकमा येतेय, बायडाआई. तिच्याकडूनच ऐक." तू माझ्या तोंडाकडं बघत राहिलीस. मग भिंतीकडं तोंड फिरवलंस.

डॉक्टर नको म्हणत होते. तुझं हृदय अशक्त होतं, अजून थोडं थांबा, चालायला लागू दे, मग सांगा. चुकीचं नव्हतं त्यांचं. मी एवढंच म्हटलं, "ती थांबलेलीच आहे, डॉक्टर. आपण काही सांगितलं नाही तरी ती रोज थोडी थोडी ऐकतेच आहे." त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "ठीक आहे. त्या वेळी मी जवळ असेन."

ऑपरेशनची तयारी करतात तशी मी त्या सकाळची तयारी केली. हसू नकोस! तुला आंघोळ घातली. केसांना तेल लावून वेणी घातली. तुला खाटेवरून खाली उतरायचं होतं ना कधीचं? "लोखंडावर नीज येत न्हाय, भुईला पाठ लावा माजी," म्हणून पाठी लागली होतीस. चौघींनी मिळून तुला व्हरांड्यात उतरवलं, जमिनीवर, सतरंजीवर. तू लगेच हात लांब करून फरशीपलीकडच्या मातीवर तळवा टेकवलास.

मी भाकरी आणि दूध आणलं.

"ती आली का?" तू विचारलंस.

"आलीय. आधी खा."

"आधी सांग."

"आधी भाकरी, बायडाआई. मग बातमी."

तू खाल्लीस. माझ्याकडं बघत, एक एक घास चावून. खाताना तुला कळलं होतं का गं? मी किती वेळा विचारणार होते तुला हे. प्रत्येक वेळी जीभ अडली. आता कोण सांगणार?

रकमा आली. पदर भुवयांपर्यंत खाली ओढलेला. तुझ्यासमोर बसली. तू म्हणालीस, "पदर वर कर."

तिनं केला.

तू ओरडली नाहीस. तिच्या कपाळाकडं बघत राहिलीस. मग एकेक विचारायला लागलीस, अगदी हळू आवाजात.

"पानी मिळालं का त्याला?"

"मीच पाजलं, आत्याबाई."

"लई तळमळला?"

"व्हय." रकमानंही खोटं सांगितलं नाही.

"माजं नाव काडलं?"

"सोलापूरला जायाचंय म्हनले. शेवटचं त्येच बोलनं."

"डोळं कुनी झाकलं?"

"मी."

मग तुझा हात मातीवर आपटला, आणि जो हंबरडा फुटला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. वॉर्डातल्या बायका उठून दारात आल्या. नरसम्मा भिंत धरून धरून आली आणि तेलुगूत रडायला लागली. टाकून गेला म्हणणारी मावशी कोपऱ्यात तोंड झाकून बसली. डॉक्टर खांबापाशी उभे होते. मी तुझ्या मागं बसून तुझी पाठ माझ्या छातीला टेकवून घेतली होती. नुकतं जुळलेलं हाड होतं ते. माझं काम एवढंच होतं. तुझी कंबर वळू द्यायची नाही आणि तुला रडू द्यायचं.

बऱ्याच वेळानं तू रकमाला जवळ ओढलंस आणि तिचं डोकं मांडीवर घेतलंस. बऱ्या मांडीवर. एवढं भान तुला होतं.

त्यानंतर तू पुन्हा जेवण सोडलंस. या वेळी माझ्याकडं बांधायला चादर नव्हती. मी पेजेची वाटी घेऊन बसायची आणि तू तोंड मिटून घ्यायचीस. एकदा म्हणालीस, "मला कशाला जगवतीस?"

मी खरं ते बोलले. "मला ठाऊक नाही, बायडाआई. पण पेज गार होतेय."

तू दोन चमचे घेतलेस. माझी कीव आली म्हणून घेतलेस बहुतेक.

रकमा परत गेली नाही, तुझ्यापाशीच राहिली. नियमात ते बसत नव्हतं, पण मोठ्या सिस्टर त्या बाजूनं जाताना दुसरीकडं बघायच्या. मी रकमाला सगळं शिकवलं. कूस कशी बदलायची, टाचेखाली उशी कशी ठेवायची, चादरीला सुरकुती का राहू द्यायची नाही, लाल डाग दिसला तर काय करायचं. मेंढराच्या पायातला काटा शोधणारे हात होते ते. लगेच शिकली.

आणि एका दुपारी, तुझी वेणी घालता घालता, रकमा सहज बोलून गेली की तिचे भाऊ मेंढरं विकून माहेरी ये म्हणतायत.

तू किती दिवसांनी मान उचललीस! "कोन इकतंय मेंढरं?"

"मग काय करू? दोन लेकरं, मी येकली. मेंढरांमागं जाऊ का पोरास्नी बघू?"

"पोरं माज्यापाशी ऱ्हातील. मी बसती की तळावर."

"बसायला आदी उठाया पायजे, आत्याबाई," रकमा म्हणाली. सरळ, रोखठोक. मी घाबरलेच. तू तिच्याकडं पाहिलंस, मग माझ्याकडं.

"शिष्टर, मला उठीव."

पुढचे दिवस आठवले की अजून माझे खांदे दुखतात! व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी. मोडलेला पाय आखूड झाला होता. प्रत्येक पावलाला तू मला एक शिवी द्यायचीस आणि टोकाला पोचलीस की म्हणायचीस, "आनी एकदा." घामानं तुझं लुगडं भिजायचं. नरसम्मा खाटेवरून टाळ्या वाजवायची. तू दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडलीस ती आपल्या पायांनी, लंगडत, रकमाच्या पुढं. मागं वळून बघितलं नाहीस. मला राग आला होता त्याचा, खरं सांगते. मग कळलं, वळली असतीस तर पडली असतीस.

नंतर तू येत राहिलीस, सोलापूरच्या बाजाराला कुणी आलं की त्याच्याबरोबर. वॉर्डात येऊन प्रत्येक म्हातारीच्या खाटेपाशी थांबायचीस, "जेवलीस का?" विचारायचीस. मीही एकदा तुझ्या तळावर आले. तू पोरांना दोन्ही बाजूंना घेऊन पालाच्या तोंडाशी बसली होतीस आणि हाताची काठी उगारून मेंढरांना ओरडत होतीस. किती ऐटीत होतीस गं!

आता माझं भांडण ऐक.

तुझ्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, तू सगळा पावसाळा गावातल्या खोपटात पडून होतीस, आणि मला एक निरोप नाही? रकमा म्हणाली, "मी सांगावा धाडनार हुते, पर त्याच नगं म्हनल्या. म्हनल्या, ती आली तर मला खाटंवर नेऊन टाकंल." मी नेलं असतं का तुला? नसतं नेलं. बहुतेक नसतं. तुझ्या भुईवर येऊन बसले असते, एवढंच. एक दिवस तरी तुझी पाठ मी चोळली असती.

पण मग रकमा सांगत होती ते आठवतं. दिवसभर मेंढरं थोरल्या नातवानं सांभाळली. ती तुझ्याजवळून हलली नाही. तुला आडोसा म्हणून दाराला तिनं स्वतःचं लुगडं बांधलं होतं. शेवटच्या सकाळी तिनं तुला भरवलं, तोंड पुसलं, कूस बदलली, आणि त्या कुशीवरच तू गेलीस. हे ऐकल्यावर कुठल्या तोंडानं भांडू? तुला माझी गरज राहिली नव्हती. नर्सला याहून जास्त काय हवं असतं? तरी वाईट वाटतंच. वाटू दे.

बायडाआई, आमच्या वॉर्डात सध्या एक म्हातारे विणकर आहेत. पाय मोडून पडलेत, तुझ्यासारखेच उताणे. रोज आपल्या दोघा मुलांना विचारतात, तुमची आई का येत नाही भेटायला? ती गेल्या आठवड्यात वारली. मुलं कपडे बदलून, हसरी तोंडं करून येतात आणि सांगतात, तिचे गुडघे दुखतात. बाहेर व्हरांड्यात येऊन रडतात. वडिलांना ती नायना म्हणतात. मला म्हणाली, "सिस्टर, नायनांना सांगू नका, सहन होणार नाही त्यांना." परवा रकमा गेल्यावर मी त्या मुलांशी बोलले. समजावलं. उद्या सकाळी येऊन खरं सांगायला दोघंही तयार झालेत.

तुला वचन देते. उद्या मी त्यांना आधी जेवू घालीन. पाय हलणार नाही असं नीट टेकवून बसवीन. सांगायचं काम मुलांचंच, ते मी हिरावून घेणार नाही. त्यानंतर ते म्हातारे काय विचारतील, कसे रडतील, मला शिव्या देतील की गप्प होतील, काहीच ठाऊक नाही. 

पण मी तिथून उठून जाणार नाही.

तुझी,
इंदू शिष्टर